सात जणांचं विज्ञान

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी वैजयंती खरातबाई चौथीच्या विज्ञानाचं वार्षिक नियोजन घेऊन मुख्याध्यापकांकडे गेल्या. सरांनी रक्ततपासणीची यादी पुढे सरकवली. एकतीस मुलांपैकी सात जणांच्याच रक्तात विज्ञानाची कुवत निघाली होती. प्रयोग तेवढ्यांनाच शिकवायचे, बाकीच्यांना त्या तासाला शिवणकाम.

"सर, यात मुमताज नाही. दुपारी सावली आखूड का होते, हे अख्ख्या वर्गात तिनंच विचारलं होतं."

"बाई, तपासणीपुढे माझं काही चालत नाही. सही करा."

बाईंनी सही केली. बाहेर व्हरांड्यात मुमताज पुस्तकं न्यायला आली होती.

"बाई, यंदा चुंबक शिकवणार ना?"

"यंदा विज्ञान कुणालाच नाही," बाई म्हणाल्या आणि तिच्याकडे न बघताच चालू लागल्या.