व्हिटॅमिनची बाटली

नवऱ्याने बाटली हलवून पाहिली. "या आठवड्यातही सहा गोळ्या कमी. मृदुला, खरं सांग, जास्त घेतेस का?"

"रोज एकच घेते. तूच काढून ठेवत असशील, मी काही बरंवाईट करीन म्हणून!"

बाटलीवर लेबल व्हिटॅमिनचं. आत माझ्या नैराश्याच्या गोळ्या. सासूबाईंना कळू नये म्हणून स्ट्रिपमधून काढून मीच त्यात भरायचे. चार दिवस आम्ही दोघं एकमेकांवर पाळत ठेवून होतो.

पाचव्या सकाळी स्वयंपाकघरात सासूबाई दिसल्या. एका हातात अश्वगंधा घातलेलं दूध, दुसऱ्यात माझी बाटली.

"आई, हे काय?"

त्या ओशाळल्या. "भजनी मंडळातल्या बायकांनी ही पावडर दिली, तिने काही होईना. मग जोडीला तुझं व्हिटॅमिन घेऊन पाहिलं. रागावू नकोस गं. यांना जाऊन वर्ष झालं, तरी संध्याकाळ झाली की रडूच कोसळायचं. आता तेवढं येत नाही."

मी दुधाचा पेला काढून घेतला, त्यांना खुर्चीवर बसवलं आणि बाटलीवरचं लेबल नखाने खरवडत म्हणाले, "आवरा, आई. माझ्या डॉक्टरांकडे जायचंय आपल्याला. दोघींना."