डाव्या तोंडाची कणीक

मडक्याच्या तोंडावर स्पीकर बसवून भगवंतने कडेच्या फटी मेणाने बुजवल्या आणि ट्रान्झिस्टरचं बटण फिरवलं. निवेदक इतके दिवस नाकातून बोलायचा, तो आता घशातून बोलायला लागला. आठ दिवसांच्या खटपटीनंतर एवढीच काय ती प्रगती.

"आवाज खाली उतरंना अजून," खाटेवरून झुंबरबुवा म्हणाले.

"आबा, वाटीएवढा स्पीकर हाय. त्यातनं पखवाज कसा निघंल?"

"डावा हात ऐकू येत न्हाई, मग ऐकायचं काय? झांजा?"

सकाळचे सव्वासहा झाले होते. साडेसहाला भजन लागणार होतं.

भजन बुवांच्याच मंडळाचं होतं आणि पखवाजावर स्वतः बुवा होते. सात वर्षांपूर्वी आकाशवाणीने ते मुंबईत ध्वनिमुद्रित केलं होतं. महिना उलटला नाही तोच एकादशीच्या भजनात त्यांचा शिष्य वामन चारचौघांत म्हणाला, "बुवा, तुमचा डावा मागं पडतोय. आता मी बसतो." बुवा भर बैठकीतून पखवाज उचलून घरी आले. भगवंत वामनच्या अंगावर धावून गेला, गाव वामनच्या बाजूने उभं राहिलं, आणि बापाच्या मानासाठी भगवंतने नगरकडचं ते गाव, घर, सगळं सोडलं. आता तो तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर वायरमन होता आणि बेटेगावात एका खोलीत राहत होता.

पखवाज खुंटीला टांगलेला होता. त्याच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, तेव्हा कुठे त्यातून खर्ज निघतो. बैठक संपली की ती खरवडून काढायची असते, नाहीतर कातडं खराब होतं. बुवांनी ती सात वर्षं काढू दिली नव्हती. वाळून तिचा दगड झाला होता. सून मैना झाडलोट करताना नुसता हात लावायला गेली तरी ते ओरडायचे, "ऱ्हाऊ दे! माझी बैठक संपली न्हाई." गेल्या साली अंगावरून वारं जाऊन त्यांचं डावं अंग लुळं पडलं, तरी कणीक तशीच होती.

आता त्यांच्या बाजूने बोलणारं जगात एकच उरलं होतं, ते ध्वनिमुद्रण. त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं. पहिल्यांदा लागलं तेव्हा गावात रेडिओच नव्हता. ते पुन्हा लागणार असल्याचं पत्र वामननेच टाकलं होतं. "त्यो बी ऐकंल," बुवा खूश होऊन म्हणाले होते. "कान उघडतील त्याचे."

भगवंतलाही तेच हवं होतं. त्याने आधी स्पीकर फळ्यांच्या खोक्यात बसवून पाहिला, मग डालड्याच्या डब्यात. डबा नुसता खणखणला. मग शेजारच्या नवसीने मडकं दिलं. "वास येल हां जरा," ती म्हणाली, "बोंबील होते त्यात." माळकरी बुवांचं भजन बोंबलाच्या मडक्यातून निघणार होतं, पण बुवा त्यालाही कबूल झाले. म्हातारा किती आसुसला होता ते यावरूनच कळावं.

आणि आता पंधरा मिनिटं उरली असताना घोडं इथे अडलं होतं.

"कणीक लाव," बुवा एकदम म्हणाले.

"कशाला?"

"त्या कागदाला. मधोमध. जड झाल्याबिगर कातडं खाली बोलत न्हाई."

स्पीकरचा कागदी पडदा भिजला की तो कामातून जाणार, हे वायरमनला कळत होतं. पण त्याने मैनाकडे पाहिलं. त्या महिन्यात रेशनवर नुसता मिलो, ती परदेशातली लाल ज्वारी, मिळाला होता. तिने सणासाठी ठेवलेलं मूठभर गव्हाचं पीठ काढलं आणि मळून त्याच्या हातावर सुपारीएवढा गोळा ठेवला. भगवंतने तो स्पीकरच्या मध्यावर हलकेच दाबला.

आवाज बारीक झाला, पण खाली उतरला. निवेदक जणू विहिरीत बसून बोलत होता. बुवा वर्षभरात पहिल्यांदा हसले.

भजन लागलं. झांजांच्या मागून पखवाज आला, आणि त्याचा डावा मडक्यात असा घुमला की भगवंतच्या अंगावर काटा आला. बुवांचा उजवा हात खाटेच्या माच्यावर ठेका धरू लागला. भगवंतला वाटलं, आत्ताच्या आत्ता गावी जावं आणि वामनला या मडक्यासमोर बसवावं.

तिसऱ्या कडव्याला डावा किंचित उशिरा पडला. भगवंतने मनात म्हटलं, एखादा पडतो. मग दुसरा पडला. मग भजनाने लय धरली तसा डावा मागेच राहू लागला, आणि शेवटी शेवटी तर उजवा हात एकटाच वाजत होता. भगवंतने चटकन मैनाकडे पाहिलं. तिला काही कळलं नव्हतं. ती कौतुकाने मडक्याकडे बघत होती.

माच्यावरचा ठेका थांबला होता.

"आबा," भगवंत घाईघाईने म्हणाला, "मडक्यानं आवाज घुमतोय. त्यानं मागं पडल्यावानी वाटतंय."

बुवा भजन संपेपर्यंत डोळे मिटून ऐकत राहिले. मग त्यांनी चांगला हात उचलला आणि खुंटीकडे बोट दाखवलं.

"मडक्याला बोल लावू नको," ते म्हणाले. "त्या पखवाजाची कणीक काढ."