पेटीमागची जागा

झाकण उचलून मोहनकुमारने पांढऱ्या चादरीखाली हात घातला. मृतांसाठीच्या शीतपेट्या तो भाड्याने द्यायचा. जे. पी. नगरच्या या घरी सकाळी पेटी लावून गेला होता, दुपारी पुन्हा बघायला आला.

"हवा गार आहे," तो म्हणाला. "अंग नाही."

चादरीखाली लोकरीची शाल निघाली. गुंडूरावांच्या गळ्यापासून पायांपर्यंत. कडा अंगाखाली नीट खोचलेल्या.

नागोजीने भावजयीकडे पाहिलं. कृष्णवेणी भिंतीला टेकून उभी होती.

"वहिनी, हे कधी केलंत?"

"तुम्ही सगळे कॉफी घेत होतात तेव्हा. त्यांना गारवा सोसत नाही."

"मला सांगता? मे महिन्यात पंखा लावला तर अण्णा मफलर शोधायचा."

कोणी हसलं नाही. नागोजीही नाही.

"स्वल्प ऐका, अक्का," मोहनकुमार कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला. "ऊब बाहेर पडली पाहिजे. ही शाल ती धरून ठेवते. मुलगा उद्या सकाळी पोचणार ना? तोवर चेहरा राहणार नाही. शाल ठेवायची तर आज संध्याकाळीच स्मशानात न्या."

"पद्मनाभ विमानात आहे," नागोजी म्हणाला. "त्याला विचारायचीही सोय नाही."

कृष्णवेणी पुढे आली. एका बाजूची कड तिने ओढून काढली, मग दुसऱ्या बाजूची. नवऱ्याचा हात उचलला, खालून शाल सरकवली, हात पुन्हा जागेवर ठेवला. चादर सारखी केली.

"सरी, ठीक आहे," ती मोहनकुमारला म्हणाली. "लावा झाकण."

यंत्राची घरघर चालू राहिली. मोहनकुमार गेला. कृष्णवेणीने शालीची घडी घातली, पण कपाटात ठेवली नाही. ती पेटीच्या मागे गेली आणि पेटी आणि भिंतीच्या मधल्या जागेत खाली बसली. पेटीच्या जाळीतून तिच्या पावलांवर वारा येत होता.

"इथे गरम येतंय," ती म्हणाली.

"फ्रीजच की हा. आतली ऊब काढतो, मागे टाकतो. उठा तिथून, वहिनी. खुर्ची देतो."

"असू दे."

तिने घडी मोडली. वाऱ्याची वाट अडणार नाही इतक्या अंतरावर, दोन्ही हातांनी शाल जाळीसमोर धरली. शाल हळूहळू फुगली.