पटाशीचा दात

सोमवार, अकरा मार्च. सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. तुरुंगातल्या दंतवैद्यांच्या खोलीबाहेर बाकावर सात कैदी बसले होते. आठवा आत खुर्चीत होता.

त्याला सगळे सुतार म्हणत. तुरुंगाच्या सुतारशाळेत त्याची एकोणीस वर्षे गेली होती. शिक्षा मरेपर्यंतची. तीत सूट नव्हती, आणि सुटकेसाठी अर्ज करण्याचीही सोय नव्हती. अशा कैद्यांना तिथे 'बिनतारखेचे' म्हणत.

दंतवैद्य बाईंनी त्याचे तोंड तपासले. वरच्या पटाशीच्या दाताला आतून कीड लागली होती. शेजारचा दात आधीच गेलेला होता. बाईंनी हिरडीत सुई दिली, पक्कड काढून ताटलीत ठेवली आणि त्या हिरडी बधिर होण्याची वाट पाहत बसल्या. त्याला काही विचारले नाही. ज्याला तारीख आहे त्याचा दात वाचवायचा, बिनतारखेच्याचा काढायचा, हे आधीच्या डॉक्टरांनी त्यांना पहिल्याच दिवशी समजावले होते. हे कुठे लिहिलेले नव्हते. साहित्य मोजके येई, आणि ते बाहेर जाणाऱ्याच्या तोंडात जावे, एवढाच त्यामागचा विचार.

"बाई, हा वाचवता येईल का?" सुताराने विचारले.

बाईंनी दाराकडे पाहिले. खुर्चीतून असे कोणी कधी विचारत नसे; प्रश्न तिथून आला असावा असे त्यांना वाटले.

दारात उभा असलेला हवालदार हसला. "का रे सुतारा, फोटोबिटो काढून घ्यायचाय की काय?"

"चौकट कुजली म्हणून आम्ही अख्खी काढत नाही, बाई. कुजकं तेवढं कोरतो आणि लांबी भरतो."

"दाताचंही तसंच असतं," बाई म्हणाल्या. "पण शेजारचा गेल्या वर्षी मीच काढला. तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत."

"तेव्हा कशासाठी वाचवायचा होता?"

"आणि आता?"

"आता सहा वर्षांनी मला बोलायचंय."

गेल्या गुरुवारी अधीक्षकांनी पटांगणात सर्वांना उभे करून मानवी हक्क न्यायालयाचा निकाल वाचून दाखवला होता. न्यायालयाने कोणालाही सोडले नव्हते. माणसाला मरेपर्यंत कोंडून ठेवायचे आणि त्याला अजून कोंडून ठेवण्याची गरज आहे का, हे एकदाही तपासायचे नाही, ही वागणूक अमानुष आहे, एवढेच म्हटले होते. त्यामुळे आता पंचवीस वर्षे पूर्ण झाली की शिक्षेचा फेरविचार करणारे मंडळ बसेल, कैद्याचे म्हणणे ऐकेल आणि मग हो किंवा नाही ते ठरवेल.

"ऐकणार म्हणजे सोडणार नव्हे," हवालदार म्हणाला. "डोक्यात शिरलंय ना नीट?"

"शिरलंय, हवालदारसाहेब. साहेबांनी दोनदा वाचलं."

"तू काय, बोलशील. दोन अश्रूही काढशील." हवालदाराच्या चेहऱ्यावरचे हसू आता गेले होते. "तू जिला मारलंस, ती कुठे यायची आहे बोलायला?"



"म्हणूनच," सुतार म्हणाला. "आधी तिचं नाव घ्यायचंय मला. बाकीचं नंतर. नावातलं मधलं अक्षर जीभ दाताला टेकल्याशिवाय निघत नाही. शेजारचा गेल्यापासून या एकावर भागवतोय. रोज म्हणून बघतो. तिथे नाव अर्धंमुर्धं निघालं, तर त्यांना वाटेल, याला तेवढंही नीट आठवत नाही."

"मग म्हण की आत्ता," हवालदार म्हणाला. "आम्हीही ऐकतो."

सुतार खुर्चीत सरळ बसला. त्याने तोंड उघडले. पण एव्हाना ओठ बधिर झाला होता. पहिले अक्षर कसेबसे निघाले, पुढे नुसता वारा. त्याने पुन्हा प्रयत्न केला. मग तोंडावर हात ठेवला आणि तो हात बराच वेळ तिथेच राहिला. हवालदाराने मान वळवून बाहेरच्या बाकाकडे पाहिले.

बाई उठल्या. त्यांनी पक्कड पुन्हा खणात ठेवली आणि कपाट उघडले. रूट कॅनलचे साहित्य एकापुरतेच उरले होते.

"मॅडम," हवालदार हलक्या आवाजात म्हणाला, "ते बाहेर बसलेल्या त्या पोराचं आहे. त्याची मे महिन्यात सुटका आहे. साहेबांना विचारल्याशिवाय कसं..."

"दात माझ्या खुर्चीत आहे, हवालदार, साहेबांच्या नाही. त्या मुलाला तात्पुरतं भरून देते. पुढच्या महिन्यात साहित्य आलं की त्याचं पहिलं. साहेबांनी विचारलं तर मी सांगेन."

"मला विचारलं तर?"

"तर 'मी दारात उभा होतो' म्हणा. उभेच आहात."

हवालदार दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

बाईंनी हातमोजे बदलले. दिवा खाली ओढला. "सुतार, हे आज नीट झालं तर हा दात पंधरा वर्षं जाईल."

सुताराने मान हलवून नको म्हटले. बोलता येत नव्हते. त्याने एका हाताची पाच बोटे वर केली आणि दुसऱ्या हाताचे एक.

"दात तसा वर्षं मोजून बेतता येत नाही," बाई म्हणाल्या. "आ करा."

कामाला पाऊण तास लागला. दात काढायला चार मिनिटे पुरली असती.