खोलीतला वास

सासूबाईंची चादर वृंदाने सकाळपासून तिसऱ्यांदा बदलली, तरी खोलीतला वास जाईना. फिनेल झालं, उदबत्ती झाली. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. कालपासून त्यांनी पेजही घेतली नव्हती.

चैन पडेना म्हणून वृंदा एसीची जाळी पुसायला स्टुलावर चढली आणि थबकली. वास एसीतूनच येत होता. खालच्यांच्या गॅलरीत पाणी ठिबकतं म्हणून नवऱ्याने परवाच त्याची नळी बाथरूमच्या सांडपाण्याच्या पाइपात थेट खुपसली होती. त्याच नळीतून गटाराचा वास वर चढत होता.

बाथरूममध्ये जाऊन तिने नळी उपसली आणि बादलीत सोडली.

"आई, वास तुमचा नव्हता. एसीचा होता."

सासूबाई हळूच वळल्या. "मग थोडा भात टाक," त्या म्हणाल्या. "कालपासून भूक मारून पडलेय गं."