निर्णय प्रलंबित

"बरगड्या मोडतात म्हणे," टेलरबाई म्हणाल्या. "माझ्या वयात छाती दाबली तर दोन-तीन तरी जाणारच. हो ना, सिस्टर?"

"कधी कधी," सिस्टर म्हणाली.

"मग नको म्हणून टाक," त्यांचा मुलगा म्हणाला. "सही कर आणि मोकळी हो."

"तुलाच घाई झालीय."

"मला कसली घाई? गेल्या महिन्यात मी म्हटलं, करू दे त्यांना प्रयत्न. तेव्हा म्हणालीस, अजून किती छळणार आहेस. आता नको म्हणतोय, तर मला घाई."

"गेल्या महिन्यात माझा गुडघा दुखत होता."

वृद्धाश्रमाच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत, पलंगाला लावलेल्या जेवणाच्या फळीवर फॉर्म पडला होता. त्यात एकच गोष्ट विचारली होती. हृदय बंद पडलं, तर छाती दाबून ते पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करायचा की शांतपणे जाऊ द्यायचं. ज्यांचं ठरत नसे, त्यांच्या नातेवाइकाला महिन्यातून एकदा बोलावून सिस्टरसमोर चर्चा करायची, असा इथला नियम होता. दर महिन्याला सिस्टर पत्र पाठवी, 'निर्णय प्रलंबित, कृपया समक्ष यावे.' मुलगा चार तास बसमध्ये अंग आंबवून येई, तासभर वाद घाली आणि परत जाई. तीन वर्षं हेच चाललं होतं.

तो बाजारातले वजनकाटे तपासायच्या नोकरीत होता. गुंजभर फरक खपवून न घेणारा माणूस, पण इथे आला की त्याचाच काटा स्थिर राहत नसे. एका महिन्यात या बाजूला, पुढच्या महिन्यात त्या बाजूला. आई जे म्हणेल त्याच्या बरोब्बर उलट. सिस्टरला वाटे, मायलेक एकाच माळेचे मणी आहेत. फॉर्म सोडून दोघांत दुसरा विषय निघत नसे. निघालाच तर दोन वाक्यांत विझून जाई.

खरं तर ठरायचं काही बाकी नव्हतंच.

टेलरबाई इथे आल्या त्याच दिवशी त्यांनी फॉर्म भरला होता. 'नको' या शब्दावर खूण, खाली ठसठशीत सही, बाजूला डॉक्टरांची. प्रत मुलाला पाठवायची होती. सिस्टर ती पाकिटात घालत असताना बाईंनी तिचं मनगट धरलं.

"त्याला कळवू नका. बारा वर्षं आम्ही धड बोललेलो नाही. काम असलं तरच येतो तो, लहानपणापासून तसाच. हे काम उरकलं की कशाला पाय ठेवतोय इथे?"

सिस्टरने प्रत फाईलमध्येच ठेवली. त्या दिवसापासून ती दर महिन्याला कोरा फॉर्म काढून फळीवर ठेवत आली. उघडकीला आलं तर नोकरी जाणार, हे तिला ठाऊक होतं. त्याहून जास्त टोचे ते हे, की एक माणूस एका खोट्यासाठी बसचे धक्के खातोय. पण मजल्यावरच्या बाकीच्या खोल्यांवरून फेरी मारताना ती टोचणी बोथट होई. तिथले सगळे फॉर्म भरलेले होते आणि तिथे कोणी येत नव्हतं.

"आता असं करू," टेलरबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. "तू तुझं कारण सांग, मी माझं..."

वाक्य तिथेच राहिलं. मान एका बाजूला कलली.

सिस्टर उठली. मानेवर बोटं ठेवून पाहिलं, श्वास पाहिला. काहीच नव्हतं. तिने फळी बाजूला सारली, पलंग सपाट केला आणि सवयीने तिचे दोन्ही तळवे बाईंच्या छातीवर गेले.

तिथेच थांबले.

निर्णय प्रलंबित असेल तर क्षणाचाही विलंब न करता छाती दाबायला सुरुवात करायची, असा नियम होता. मुलाच्या लेखी निर्णय प्रलंबितच होता. दाबलं तर या बाईचा विश्वासघात होता. नाही दाबलं, तर समोर उभ्या असलेल्या माणसाला तीन वर्षांचं सगळं सांगावं लागणार होतं.  तिने हात काढून घेतले.

आता तो ओरडेल, अंगावर धावून येईल, डॉक्टरांना हाका मारेल, म्हणून ती वाट पाहत राहिली. तो पलंगाच्या कडेला बसला आणि त्याने आईचा हात हातात घेतला.

"दादा, मला माफ करा," ती म्हणाली. "बाईंनी तीन वर्षांपूर्वीच सही केली होती. नको म्हणून. तुम्ही येत राहावं, एवढ्यासाठी त्यांनी मला लपवायला लावलं."

 शिवणाच्या सुईने भोकं पडून पडून खरखरीत झालेल्या त्या बोटांवरून तो अंगठा फिरवत राहिला.

"पहिल्याच खेपेला तुम्ही फाईल इथे ठेवून फोन घ्यायला गेला होतात," तो म्हणाला. "तेव्हाच वाचला मी तो फॉर्म."

मग त्याने मान वर केली.

"मला ठाऊक होतं हे तिला कधी कळलं नाही ना?"