दहा वांगी

“देठ काढू नकोस,” सासूबाई स्टुलावरून म्हणाल्या. “देठाशिवाय वांगं म्हणजे मूठ नसलेली छत्री.”

“नाही काढत, आई.”

सुनेने दहावं वांगं उचललं, देठ राखून त्याला उभ्या-आडव्या दोन चिरा दिल्या आणि मिठाच्या पाण्यात सोडलं. पहाटे साडेपाचला ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये हजर होती. चाळीस दंडांना रबर बांधून, चाळीस शिरा शोधून अकराला घरी आली होती. पाय सुजले होते. तरी आज भरली वांगी व्हायलाच हवी होती. एक वाजता धाकटा दीर आणि जाऊ जेवायला येणार होते, सासूबाईंना न्यायचं की नाही ते ठरवायला.

नवरा जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून घरात या दोघीच. सासूबाईंची औषधं, आंघोळ, गुडघ्यांना शेक, रात्री तीनदा उठणं, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. तिने कधी कुरकुर केली नाही, पण आता ती पार थकून गेली होती. तिला फार काही नकोच होतं. कामावरून यावं, दार लावावं आणि कुणीही हाक न मारता तीन तास झोपावं, एवढंच.

दीर न्यायला तयार होता. जावेची अट एकच होती. “गुडघे कसेही असोत, डोकं जाग्यावर हवं. भ्रमिष्ट माणूस मला झेपणार नाही.”

आणि सासूबाईंच्या डोक्याचा गोंधळ नेमका महिन्याभरापासून, दीर नेण्याचं बोलला त्याच आठवड्यापासून, सुरू झाला होता. एकदा त्यांच्या चपला फ्रिजमध्ये सापडल्या. नशीब, धुतलेल्या तरी होत्या. एकदा कोपऱ्यावर साबण आणायला गेल्या, वाट चुकल्या आणि थेट दिराच्या मित्राच्या औषधाच्या दुकानात जाऊन बसल्या. मित्राने लगेच दिराला फोन लावला.

म्हणून आजची ही युक्ती. सासूबाईंच्या हातची भरली वांगी साऱ्या नात्यागोत्यात नावाजलेली होती. तीच ताटात पडली, तर डोकं शाबूत आहे याला आणखी पुरावा कशाला हवा? हात तेवढे सुनेचे.

“आई, त्यांनी विचारलं तर तुम्हीच केलीत म्हणून सांगायचं.”

“मीच केली,” सासूबाई शाळेतल्या मुलीसारखं म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “माझा फार कंटाळा आला का गं तुला?”

सून शेंगदाण्याच्या कुटात तीळ, खोबरं, मसाला आणि गूळ कालवत होती. तिने मान वर केली नाही.

“तसं नाही, आई. तिकडे दोन माणसं आहेत. तुमची नीट सोय होईल.”

“हं. सोय.”

सारण भरून झालं. तेल तापलं.

“मीठ सारणातच घातलंस ना? रश्शात वरून कधी घालू नये. तिथे हात सैल सुटला, की अख्खं पातेलं कामातून गेलं.”

“सारणातच घातलंय.”

वांगी पातेल्यात शेजारीशेजारी बसली. झाकणावर पाणी ठेवून तिने गॅस बारीक केला. वीस मिनिटांनी चमच्याच्या टोकाने रस्सा चाखला. मीठ, गूळ, चिंच, सगळं जिथल्या तिथे. सकाळपासून पहिल्यांदाच तिला बरं वाटलं. तिने गॅस बंद केला.

“मी आंघोळ करून येते. दहा मिनिटं. इथून हलू नका.”

“मी कुठे जाणार?” सासूबाई म्हणाल्या.

पाहुणे वेळेवर आले. तिने ओल्या केसांनीच घाईघाईने पानं घेतली, प्रत्येकाला दोन-दोन वांगी वाढली आणि रिकामं पातेलं ओट्यावर नेऊन ठेवलं.

“सगळं आईंनीच केलंय बरं का,” ती बसता बसता म्हणाली. “मीठसुद्धा त्यांच्याच हातचं.”

“अरे वा!” दिराने मोठा घास घेतला. दोनदा चावला, मग थांबला आणि पाण्याचा पेला उचलला. जावेने जिभेला लावलं आणि हात ताटाबाहेर घेतला. सुनेने रस्सा चाखला. नुसतं मीठ. सासूबाईंनी पानाला हातच लावला नव्हता. त्या वांगी निवायची वाट बघत होत्या.

“आई, मीठ किती घातलंस?” दिराने विचारलं.

“मीठ? घातलं का ते आठवेना, म्हणून पुन्हा घातलं,” सासूबाई म्हणाल्या. “मग तेही आठवेना.”

“नाही, नाही, माझंच चुकलं,” सून घाईने म्हणाली. “मीठ मी घातलं होतं—”

“ताई, आत्ता तर म्हणालात सगळं आईंनीच केलं,” जाऊ म्हणाली. “उगाच कशाला झाकता?”

सुनेने दह्याचं भांडं त्यांच्यासमोर सरकवलं.

दोघांनी दह्यावर जेवण उरकलं. दारात चपला घालताना दीर तिच्याकडे न बघता म्हणाला, “वहिनी, तुम्ही दवाखान्यातलं माणूस. अशा अवस्थेत तिला तुमच्यासारखं कोण सांभाळणार? आम्ही येत जाऊ अधूनमधून.”

तिने दार लावलं. स्वयंपाकघरात येऊन पातेलं नळाखाली धरलं आणि पाण्याच्या आवाजात रडून घेतलं. नवरा गेला तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. उद्या पुन्हा साडेपाच, पुन्हा चाळीस दंड आणि घरी आल्यावर पुन्हा तेच.

“अगं,” आतल्या खोलीतून हाक आली.

“आले, आई.”

“यायला नको. तू जेवली नाहीस.”

“मला भूक नाही.”

“पिठाच्या डब्यामागे झाकलेली वाटी आहे. दोन वांगी आहेत तिच्यात,” सासूबाई म्हणाल्या. “मीठ ओतायच्या आधीच काढून ठेवलीत. एक तुझं, एक माझं.”